स्फुरद : आग, आम्ल आणि बुरशी

एप्रिलच्या अखेरीस बदलापूरहून बारवी धरणाकडे निघालं की शेतांमध्ये जागोजाग काळे चौकोन दिसू लागतात. मुंबईहून आलेले पाहुणे विचारतात, "इथे वणवा लागला होता का?" तो वणवा नसतो, राब असतो. भाताचं रोप जिथे पेरायचं, त्या तुकड्यावर म्हणजे दाढीवर, शेण, झाडांचा कवळ, पालापाचोळा आणि गवत यांचे थर रचायचे, वर माती भुरभुरायची आणि वाऱ्याच्या उलट अंगाने पेटवायचं. भडका उडता कामा नये, नुसतं धुमसत राहिलं पाहिजे. मृगाचा पाऊस पडला की त्याच राखेत बियाणं फेकायचं.

मी या भागातल्या एका महाविद्यालयात तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. राबाचा विषय निघाला की वर्गात ठरलेलं वाक्य म्हणायचो : राब म्हणजे खत जाळून धूर करणं. शेणातला नत्र हवेत जातो, हाती राख उरते. हे वाक्य मी एकदा धरणाजवळच्या पाड्यावरच्या एका वृद्ध शेतकऱ्यासमोरही म्हटलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, राब नाय भाजला तं रोप उठत नाय. राखेत काय ऱ्हातं त्ये तुमीच सांगा."

राखेत काय राहतं, याचं उत्तर मला पुस्तकातून ठाऊक होतं. स्फुरद राहतं. पण ते राहण्याचा अर्थ काय, हा विचार मी निवृत्त होईपर्यंत केला नव्हता. गेल्या काही वर्षांत त्याचा माग काढताना लक्षात आलं, की या एका मूलद्रव्याचा निम्मा इतिहास माझ्या घरापासून वीस किलोमीटरच्या आत घडला आहे.

आपल्या शेतीखात्याच्या भाषेत नत्र, स्फुरद, पालाश ही त्रयी आहे. त्यातलं स्फुरद म्हणजे फॉस्फरस. ग्रीक शब्दाचा अर्थ प्रकाश आणणारा. मराठीतला शब्दही स्फुरण्याशी नातं सांगतो. १६६९ साली हँबर्गचा किमयागार हेनिग ब्रँड सोनं काढण्याच्या नादात मानवी मूत्र आटवत बसला होता. त्याच्या भांड्यात सोन्याऐवजी अंधारात चमकणारा एक पदार्थ उरला. माणसाने शोधलेलं हे मूलद्रव्य असं माणसाच्या मूत्रातून बाहेर आलं. ही गोष्ट लेखाच्या शेवटी पुन्हा लागणार आहे.

नत्राचा साठा हवेत अमर्याद आहे. वाल, तूर, ताग यांच्या मुळांवरचे जिवाणू तो उतरवून घेतात. स्फुरदाला असा हवेतला साठा नाही. ते खडकात असतं, मातीत असतं, हाडांत, बियांत आणि प्रत्येक पेशीत असतं. ते निर्माण करता येत नाही, नष्टही होत नाही. फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी जातं. आणि जिथे असतं तिथेही बहुधा कुलपात असतं. कोकणपट्टीच्या आम्लधर्मी तांबड्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम त्याला घट्ट धरून ठेवतात. जमिनीत स्फुरद आहे, पण पिकाच्या मुळाला ते मिळत नाही, अशी ही स्थिती. हे कुलूप उघडण्याचे तीन उपाय या खोऱ्याने पाहिले.

आग

पहिला उपाय राब. राबासाठी लागणारा कवळ आणि गवत भातखाचरातून येत नाही. ते वरच्या वरकस जमिनीतून आणि रानातून येतं. ऐनासारख्या झाडांच्या फांद्या छाटायच्या, भारे बांधायचे, डोक्यावरून दाढीत आणायचे. रसायनाच्या भाषेत सांगायचं तर डोंगरावरच्या झाडांनी खोल मुळांनी उपसलेलं स्फुरद दरवर्षी माणसांच्या डोक्यावरून खाली येत होतं आणि रोपाच्या लहानशा तुकड्यात एकवटत होतं. रोपाला स्फुरदाची सर्वांत जास्त गरज मूळ धरण्याच्या पहिल्या काही आठवड्यांत असते. नेमकं तेव्हाच ते मिळत होतं.

१८७८चा वन कायदा आला आणि रानं राखीव होऊ लागली. कवळ तोडणं हा कालपर्यंतचा शेतीचा भाग, तो परवानगीचा आणि दंडाचा विषय झाला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत याविरुद्ध इतका असंतोष माजला की सरकारला १८८५ साली मुंबई इलाख्याचा वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७चा. आयोगापुढच्या वादात राब हा कळीचा मुद्दा होता. वनखात्याच्या दृष्टीने ती झाडांची नासाडी होती, तर शेतकऱ्याला त्याशिवाय भात पिकवता येत नव्हता.

त्याच्या थोडं आधी, १८८३ साली, जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये डोंगर आणि शेत यांच्या नात्याबद्दल लिहिलं आहे. रानातला कुजलेला पालापाचोळा आणि मेलेल्या जीवजंतूंचं सत्त्व पावसाबरोबर वाहून शेतात येतं, ते वाया जाऊ नये म्हणून बांध घाला, असा त्यांचा आग्रह होता. फुले मुख्यतः देशावरच्या शेतीबद्दल बोलत होते, पण डोंगराचा कस शेतात उतरतो हे निरीक्षण आमच्या खोऱ्यालाही तसंच लागू पडतं.

राबाची शास्त्रीय परीक्षा पुण्याच्या कृषी महाविद्यालयात झाली. प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी एन. व्ही. जोशी व एन. व्ही. कानिटकर यांचा पश्चिम भारतातल्या राबपद्धतीवरचा प्रबंध १९१२ साली निघाला. नुसती राख आणून टाकली तर राबाचा पूर्ण गुण येत नाही, जमीन तापण्याचाही त्यात मोठा वाटा आहे, हे त्यांनी ओळखलं. तापलेल्या मातीत सेंद्रिय पदार्थांत अडकलेली द्रव्यं सुटी होतात, त्यांत स्फुरदही असतं. थोडक्यात, मी तीस वर्षं वर्गात अर्धंच सांगत होतो. नत्र जातो हे खरं. पण आग एका दुपारी स्फुरदाचं कुलूप उघडून देते, हे मी सांगितलं नव्हतं.

आम्ल

दुसरा उपाय विलायतेत निघाला. जर्मनीत लीबिगने १८४०मध्ये मांडलं की पीक जमिनीतली खनिजं उचलतं, ती परत दिली पाहिजेत. इंग्लंडमध्ये जॉन बेनेट लॉज याने १८४२ साली एका कृतीचं पेटंट घेतलं. हाडं किंवा फॉस्फेटचा खडक गंधकाम्लात भिजवायचा, म्हणजे त्यातलं न विरघळणारं स्फुरद विरघळणारं होतं. हेच सुपरफॉस्फेट. खतांचा जागतिक उद्योग या कृतीतून सुरू झाला.

आमच्याकडे ती कृती लवकर पोहोचली. १९१९ साली स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी केमिकल कंपनीने अंबरनाथला गंधकाम्लाचा आणि पुढे सुपरफॉस्फेटचा कारखाना चालवला. देशातल्या या धंद्यातल्या सर्वांत जुन्या नावांपैकी हे एक. त्याच अंबरनाथमध्ये विमकोचा काड्यापेटीचा कारखाना होता. कारखान्याचं नाव तिथल्या नाक्याला अजून आहे. काडीपेटीच्या ज्या बाजूवर आपण काडी ओढतो, तिथे तांबडा फॉस्फरस असतो. म्हणजे शिलाहारांच्या देवळासाठी प्रसिद्ध असलेलं हे गाव विसाव्या शतकात स्फुरदाचंही गाव होतं. एका कारखान्यात ते खत होत होतं, दुसऱ्यात ठिणगी.

सुपरफॉस्फेटने पिकं वाढली, हे नाकारण्यात अर्थ नाही. डोक्यावरून भारे वाहणाऱ्या बायकांची पाठ काही प्रमाणात सुटली, हेही खरं. पण दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे स्फुरद आता डोंगरावरून येईना, ते दुकानातून येऊ लागलं. भारतात उदयपूरजवळ झामरकोटडा, मध्य प्रदेशात झाबुआ, उत्तरेत मसुरी अशा ठिकाणी फॉस्फेटचा खडक सापडतो, पण गरजेच्या मानाने तो थोडा. बाकीचं मोरोक्को, जॉर्डन अशा देशांतून येतं. जगातल्या ज्ञात साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के एकट्या मोरोक्कोच्या ताब्यात आहेत असं मानलं जातं. दुसरी गोष्ट म्हणजे आमची माती. आम्लाने उघडलेलं स्फुरद मातीत पडताच लोह आणि ॲल्युमिनियम त्याला पुन्हा धरतात. पहिल्या पिकाच्या वाट्याला साधारण १५ ते २० टक्केच येतं. शेतकरी दरवर्षी कुलूप उघडण्याचे पैसे भरतो आणि ते दरवर्षी पुन्हा लागतं.

बुरशी

तिसऱ्या उपायाची कथा इंदूरला सुरू होते. होळकरांच्या संस्थानात १९२४ साली वनस्पती उद्योग संस्था सुरू झाली आणि तिचे संचालक म्हणून अल्बर्ट हॉवर्ड आले. तिथल्या रसायन विभागाचे मुख्य सहायक यशवंत वाड. कापसाच्या पऱ्हाट्या, तण, पेंढा असा शेतातला कचरा, शेण, गोठ्यातली मूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर उथळ खड्ड्यात रचायचे, ओलावा राखायचा, तीन वेळा उलथापालथ करायची. सुमारे तीन महिन्यांत खत तयार. ही 'इंदूर पद्धत' दोघांनी १९३१ साली पुस्तकरूपाने मांडली. मुखपृष्ठावर दोन नावं होती. पुढे हॉवर्ड 'सर' झाले, सेंद्रिय शेतीचे जनक म्हणून जगभर ओळखले गेले. वाडांचं नाव आज सेंद्रिय शेतीचे आपले कार्यकर्तेही क्वचितच घेतात. खड्ड्यात रोज काय घडतं हे मोजण्याचं रसायन ज्याच्या खात्यात होतं, त्या माणसाची आठवण किमान मराठी वाचकाने ठेवायला हवी.

त्या खड्ड्यात आधी पांढरी बुरशी पसरते आणि मग जिवाणू काम हाती घेतात, हा क्रम हॉवर्ड-वाडांनी नोंदवला. बुरशी दिसली म्हणजे खड्डा नीट लागला, अशी ती खूण होती. त्यांचा भर नत्र आणि ह्यूमसवर होता. त्याच बुरशीचं स्फुरदाशी काय चाललेलं असतं, हे पुढच्या पिढ्यांनी उलगडलं.

कचऱ्यातलं स्फुरद दोन प्रकारच्या कुलपांत असतं. पहिलं सेंद्रिय. दाण्यातलं बहुतेक स्फुरद फायटिक आम्लाच्या रूपात साठवलेलं असतं, म्हणून भाताच्या कोंड्यात ते भरपूर. गाईच्या पोटातले सूक्ष्मजीव ते फोडतात. कोंबडीला ते जमत नाही, त्यामुळे कोंबडीच्या विष्ठेत ते तसंच उतरतं. बुरशी फायटेज नावाचं विकर सोडून हे कुलूप उघडते. दुसरं कुलूप खनिज. कॅल्शियम, लोह यांनी धरलेल्या स्फुरदावर बुरशी सायट्रिक, ऑक्झॅलिक, ग्लुकोनिक अशी आम्लं सोडते. लॉजने गंधकाम्लाने जे केलं तेच काम, पण भट्टीशिवाय, मंद गतीने आणि ओल्या पेंढ्याच्या खर्चात.

१९४८ साली रशियन संशोधिका पिकोव्हस्काया हिने हे डोळ्यांना दिसेल अशी सोय केली. न विरघळणारं फॉस्फेट घातलेली दुधट जेली बशीत ओतायची आणि त्यावर सूक्ष्मजीव वाढवायचा. तो स्फुरद विरघळवत असेल तर त्याच्याभोवती स्वच्छ, पारदर्शक वलय पडतं. आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एका सहकाऱ्याने मला अशी बशी दाखवली होती. काळ्या ॲस्परजिलस बुरशीचा ठिपका आणि भोवती चंद्राला पडावं तसं खळं.

दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत या गुणाचा थेट उपयोग झाला. शेतकचऱ्याच्या कंपोस्टात मसुरीच्या खडकाची भुकटी आणि ॲस्परजिलस अवामोरीसारख्या बुरशीचं विरजण घालून 'फॉस्फो-कंपोस्ट' तयार करण्यात आलं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. जे. एम. खिरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲस्परजिलस नायगरपासून फायटेज मिळवण्यावर वर्षानुवर्षं काम केलं. ते विकर मातीत घातल्यावर गव्हाच्या वाढीवर काय परिणाम होतो, हेही त्यांनी तपासलं. पुण्यातच आघारकर संशोधन संस्थेत देशाचा राष्ट्रीय बुरशी संग्रह आहे.

हे सगळं वाचून मी घरामागे खड्डा घेतला. भाताचा पेंढा, शेण, थोडी राख, कोंडा. आठवड्याभरात पांढरी जाळी पसरली आणि मला फार आनंद झाला. सहाव्या आठवड्यात घाई करून ते खत मी टोमॅटोच्या रोपांना घातलं. पंधरा दिवसांत पानांच्या खालच्या बाजू जांभळ्या पडल्या. स्फुरद कमी पडल्याची ही पुस्तकी खूण. कारण नंतर उमगलं. बुरशी दुसऱ्यासाठी कुलूप उघडत नाही. कर्बाने भरलेला पेंढा पचवताना मिळेल ते स्फुरद आधी स्वतःच्या शरीरात घेते, वर मातीतलंही ओढते. ती मेली, तिला जिवाणूंनी खाल्लं, म्हणजे मग ते पिकाच्या वाट्याला येतं. वाड आणि हॉवर्ड यांचे तीन महिने उगाच नव्हते. मी पाड्यावर जाऊन हे सांगितलं तेव्हा ते वृद्ध गृहस्थ हसले. "कच्चं शेण कोन घालतं का, मास्तर?"

नदी

बुरशीचा हिशोब मात्र पुरा मांडायला हवा, नाहीतर तीही एक जादू ठरेल. एक टन भातात साधारण दोन-तीन किलो स्फुरद असतं. त्या भाताच्या पेंढ्यात जेमतेम एक किलो. पेंढा कुजवून बुरशी जे परत देऊ शकते ते या एका किलोतलं आणि मातीत आधीच अडकलेल्यातलं. दाण्याबरोबर गेलेलं स्फुरद ती आणू शकत नाही. ते कुठे जातं?

ते शहरात जातं. माणूस जेवणातलं जवळजवळ सगळं स्फुरद मलमूत्रातून बाहेर टाकतो, वर्षाला साधारण अर्धा किलो. २०११च्या जनगणनेत उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर यांची मिळून लोकसंख्या सव्वानऊ लाखांवर होती. म्हणजे वर्षाला सुमारे ४६० टन शुद्ध स्फुरद. सुपरफॉस्फेटच्या ५० किलोच्या गोण्यांत मोजलं तर सव्वा लाखाहून अधिक गोण्या. ब्रँडने हँबर्गला ज्यातून फॉस्फरस काढला, तोच पदार्थ आपण रोज वालधुनीत आणि उल्हासमध्ये सोडतो.

त्याला वाहून नेणारं पाणी बारवीचं. औद्योगिक विकास महामंडळाने १९७२मध्ये बांधलेलं हे धरण कारखान्यांसाठी होतं, पुढे शहरांनाही पाजू लागलं. टप्प्याटप्प्याने त्याची उंची वाढली. तोंडली, काचकोली, मोहघर ही गावं आणि त्यांच्याबरोबर खाचरं, वरकस आणि राबाची रानं पाण्याखाली गेली. धरणग्रस्तांच्या घरातल्या काहींना पालिकांमध्ये नोकऱ्या मिळाल्या. ज्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या डोंगराचं स्फुरद साठवलं जात होतं, तिच्यावरचं पाणी आता शहरातलं स्फुरद धुऊन नेतं. उल्हास नदीत कल्याणच्या वर दरवर्षी जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो. त्याच्या मुळाशी पात्रातल्या सांडपाण्याचं नत्र आणि स्फुरद आहे.

ही जलपर्णी काढून कुजवली तर? हा प्रश्न जुना आहे. हॉवर्ड यांनी १९४०च्या आपल्या ग्रंथात बंगालमध्ये इंदूर पद्धतीने जलपर्णीचं कंपोस्ट केल्याचं सांगितलं आहे. उल्हासमध्ये एक अडचण जास्त आहे. कारखान्यांच्या सांडपाण्यातले जड धातू ही वनस्पती शोषून घेते, त्यामुळे तपासल्याशिवाय तिचं खत शेतात घालणं धोक्याचं. घरगुती मैला आणि कारखान्याचं पाणी वेगळं राहिलं असतं, तर नदीतून परत येणारं स्फुरद या खोऱ्याचंच असतं. बुरशी धातूचं विष वेगळं काढून देत नाही. ते काम नळ टाकतानाच करायला हवं होतं.

गेल्या वर्षी त्या वृद्ध शेतकऱ्यांनी माझ्या आग्रहाखातर दोन दाढी केल्या. एकीवर नेहमीचा राब भाजला, दुसरीवर पुरं तीन महिने कुजवलेलं खत पसरलं. पहिले पंधरा दिवस राबावरचं रोप उंच होतं, काळपट हिरवं. लावणीच्या वेळेला दोन्ही मुठी शेजारी धरल्या तर कुठली कुठली ते मला सांगता येईना. एका दाढीवरून सिद्धान्त होत नाही, हे मी विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे आणि इथेही सांगतो. त्यांनी मात्र खताच्या दाढीतलं एक रोप उपटलं, मुळं पाण्यात खळबळली आणि बराच वेळ पाहत राहिले.

"कवळाचे भारे नाय आणाया लागले," ते म्हणाले. मग सुनेकडे बघून, "पन खड्डा वर्साला दोन तरी पायजे. एकानं भागायचं नाय."

दुसरा खड्डा त्यांनी दिवाळीच्या आधी खणायला घेतला आहे.